दोन होड्यांचं जाळं

आमच्या चर्चच्या फरशीवर चुन्याची एक रेघ आहे,
वेदीपासून थेट दारापर्यंत.
ती ओढली गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते.
डावीकडे ढोलवाले, उजवीकडे बिनढोलवाले.
भांडण ढोलाचं होतं असं सगळे सांगतात;
तावोंगा आत्या म्हणते, भांडण खुर्चीचं होतं,
ढोल बिचारा मधे सापडला.

कपाटाची किल्ली त्यांच्याकडे गेली,
प्याला आमच्याकडे राहिला.
आठ वर्षं आम्ही प्रभूची भाकर चहाच्या बशीत मोडली
आणि त्यांनी द्राक्षरस
पत्र्याच्या मगात ओतला.

मलावीच्या सरोवराला मात्र ही रेघ कुणी कळवली नाही.
इथलं मोठं जाळं एका होडीचं नसतंच.
एक टोक या होडीत, दुसरं त्या होडीत,
अमावस्येच्या रात्री मधे कंदील,
उजेडाला भुलून उटाकाची झुंड वर येते
तेव्हा दोन्ही होड्यांनी एकमेकींकडे सरकायचं असतं,
नाहीतर समोरासमोर बसून
माणसं नुसतं पाणी ओढतात.

माझे बाबा, लामेक, रेघेच्या डावीकडचे.
वायसन न्यिरेंडा उजवीकडचे.
वाळूवर बोलणं बंद, नजर बंद.
पाण्यावरून मात्र हाका यायच्या:
‘ओढ.’ ‘सोड.’ ‘हळू.’
आठ वर्षांत एवढे तीनच शब्द,
आणि त्या तिनांवर दोन्ही घरांतली पोरं वाढली.

दुपारी बाबा जाळं सांधत, मी सुई ओवून देई
आणि वाचून दाखवी, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती.
एकदा विचारलं,
पहिल्या खेपेला शिष्यांचं जाळं फाटू लागलं,
दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खुणावलं,
दोन्ही होड्या बुडायला टेकल्या.
मग ती शेवटची पहाट,
तो काठावर निखारे फुलवून बसलेला,
एकशे त्रेपन्न मासे, मोठे,
(कुणीतरी बसून मोजले असणार)
आणि जाळं फाटलं नाही.
तेच कोळी, तेच तळं.
मधे काय झालं?

बाबांच्या दातांत दोरा होता.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
‘मधे तो मेला ना.’
आणि पुढची गाठ घेतली.

त्या रात्री मला त्याचा अंगरखा आठवत राहिला,
वरपासून खालपर्यंत सलग विणलेला,
शिवण नसलेला.
सैनिकांनीसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या, फाडला नाही.
ज्यांनी खिळे ठोकले त्यांचा हात जिथे थांबला
ते काम आम्ही
चुन्याच्या एका डब्यात उरकलं.

गेल्या जुलैत, म्वेरा वारा सुटला होता तेव्हा,
वायसन तापानं गेले.
शवपेटी ठेवायला जागा एकच, मधली वाट.
म्हणजे रेघेवर.
पाळक चिरवांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
शेवटी पेटीकडे पाहूनच प्रार्थना केली.
ढोल कुणी आणला नाही.
आणू नका असंही कुणी म्हणालं नाही.
बाबा उठले, पलीकडे गेले,
वायसनच्या थोरल्याच्या बाकाशी उभे राहिले.
बाकावर जागा नव्हती.
झाली.

सगळं मिटलं असं मी सांगत नाही.
वडीलमंडळींच्या बैठका अजून दोनच भरतात,
किल्ली म्हणे हरवली,
आणि प्याला घासायचा कुणी
यावरून नवा वाद निघालाय.
रेघ आहे तिथेच,
फक्त पेटीच्या पायांनी दोन जागी
वीतभर चुना खरवडला गेलाय.

पण अमावस्येला वायसनचा जॉफ्रे
बापाच्या जागी उभा होता, टोक हातात घेऊन,
पुढे काय करायचं ते न कळून.
ते तीन शब्द त्याला कुणी शिकवले नव्हते.
मी काठावर होते, पाण्यात घोटाभर.
कंदील हलला.
आणि काळोखातून बाबांचा आवाज गेला,
आठ वर्षांत न ऐकलेला
चौथा शब्द:
‘ये.’